वर्गात फोन एकच पुरतो

ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा करून शाळेत मोबाईल वापरायला मनाई केली. तासाला नाहीच, पण मधल्या सुट्टीतही नाही. फ्रान्सने हे २०१८ मध्येच केलं होतं. नेदरलँड्समधल्या माध्यमिक शाळांच्या वर्गांतून जानेवारी २०२४ पासून फोन बाहेर गेला. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे २०२४ संपेपर्यंत ७९ शिक्षणव्यवस्थांनी शाळेत स्मार्टफोनला या ना त्या स्वरूपात बंदी घातली होती, म्हणजे जगातल्या सुमारे ४० टक्के.

आणि इकडे आपल्या मुलांचं बालभारतीचं पुस्तक उघडा. सुरुवातीलाच एक काळा-पांढरा चौकोन आहे आणि तो स्कॅन करायला सांगितलंय. कशाने? मोबाईलने. त्यामुळे पालकसभेत एखादी आई उठून विचारते, “बाई, तुम्हीच म्हणता मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका, आणि तुम्हीच म्हणता घरी व्हिडिओ दाखवा. आम्ही नक्की करायचं काय?”

प्रश्न अगदी रास्त आहे. घोळ असा की आपण ‘वर्गातला मोबाईल’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक मुलाच्या खिशातला फोन. दुसरा शिक्षकाच्या हातातला. आणि तिसरा वर्गातल्या टेबलावर, तराजूसारखा किंवा घड्याळासारखा, चार-पाच मुलांनी मिळून वापरायचा. या तिघांची वागणूक इतकी वेगळी आहे की त्यांना एका शिक्षेत कोंबणं बरोबर नाही आणि एका कौतुकातही नाही.

आधी डोक्यातला ओटा

स्वयंपाकघरात ओटा लहान असतो आणि फडताळ मोठं. फडताळात वर्षाचं धान्य मावेल, पण ओट्यावर एका वेळी परात, पोळपाट, एखादं पातेलं, बस्स. डोक्याचंही तसंच. आयुष्यभर शिकलेलं सगळं फडताळात असतं, पण या क्षणी ज्याच्यावर काम चाललंय ते ओट्यावर ठेवावं लागतं. मानसशास्त्रात या ओट्याला ‘कार्यरत स्मृती’ म्हणतात. तिच्यात एका वेळी जेमतेम चार नव्या गोष्टी मावतात असा अंदाज आहे.

आता सातवीतलं मूल शाब्दिक उदाहरण सोडवतंय. काय दिलंय, काय काढायचंय, कुठलं सूत्र, मधली बेरीज. ओटा भरला. तेवढ्यात खिशात फोन थरथरतो. मूल फोन काढत नाही, शहाणं आहे. पण ‘कोणाचा असेल?’ हे ओट्यावर येऊन बसलंच. त्याला जागा करायला काहीतरी खाली पडणार, आणि पडते ती बहुतेक मधली बेरीजच.

शिस्त, संस्कार, आजकालची पिढी हे सगळं बाजूला ठेवलं तरी खिशातल्या फोनविरुद्धचा मुद्दा यातूनच उभा राहतो. मूल कितीही गुणी असो, ओटा तेवढाच.

पुस्तकातला तो चौकोन नक्की काय आहे?

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. आज तो भाजीवालीच्या गाडीवरही असतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला ‘मी सरळ आहे की आडवा’ हे सांगतात. मधल्या ठिपक्यांत मजकूर असतो, आणि तो थोडा जास्तीचा, राखीव ठेवूनच भरलेला असतो. म्हणून मधल्या ठिपक्यांवर शाईचा छोटा डाग पडला तरी कोड चालतो.

पण पुस्तकातल्या कोडात धडा नसतो, व्हिडिओही नसतो. असतो फक्त पत्ता. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता असतो, जेवण नसतं, तसं. फोन तो पत्ता वाचतो आणि केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या मंचावर जातो. दीक्षा २०१७ मध्ये सुरू झाली. तिथे त्या धड्याचे व्हिडिओ, सराव प्रश्न वगैरे ठेवलेले असतात. नेट नसेल तर पत्ता हातात आणि गाडी बंद. त्यावर उपाय म्हणजे दीक्षा अ‍ॅपमध्ये मजकूर आधीच उतरवून ठेवता येतो. रेंज असलेल्या गावी राहणारे शिक्षक रात्री घरून हे करून ठेवतात आणि सकाळी डोंगरावरच्या शाळेत दाखवतात.

पाठ्यपुस्तकात कोड घालण्याची कल्पना आपल्याकडे आधी शिक्षकांनीच करून पाहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत कोड चिकटवून कविता, गोष्टी, स्वाध्याय मुलांपर्यंत पोचवले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातम्यांत बक्षिसाचा आकडा फार गाजला. माझ्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट: त्या वस्तीतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, पुस्तकाची नाही, आणि त्यांनी तो मजकूर मुलांच्या भाषेत आणायचा खटाटोप केला. कोड हे त्याचं साधन होतं. अडचण आधी ओळखली, फोन नंतर आला.

एक फोन आणि तीस पुठ्ठे

असा एक तास डोळ्यांसमोर आणा. इयत्ता पाचवी, गणित. बाईंनी फळ्यावर लिहिलंय: १/३ मोठा की १/४? तोंडी विचारलं तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहिल्या बाकावरची तीन मुलं हात वर करतात, एक जण बरोबर उत्तर देतो, बाई “शाब्बास” म्हणून पुढे जातात. मागच्या बाकांवर काय शिजतंय ते सहामाहीच्या पेपरात कळतं.

आता दुसरी पद्धत. प्रत्येक मुलाजवळ पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक छापील कार्ड आहे. त्यावर काळी ठोकळ्यांची आकृती, प्रत्येकाची वेगळी. आकृतीच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं बारीक टाइपात. ज्याला ‘बी’ म्हणायचंय त्याने बी वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. बाई आपला फोन उचलतात आणि वर्गावरून सावकाश फिरवतात, लग्नात व्हिडिओवाला पंगतीवरून फिरवतो तसा. कॅमेरा प्रत्येक आकृती ओळखतो, ती कुठल्या बाजूने वर आहे ते पाहतो, आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते बाईंच्या पडद्यावर उमटतं. याला ‘प्लिकर्स’ म्हणतात. मुलांच्या हातात काही नाही, फक्त पुठ्ठा. शेजाऱ्याचं बघून लिहायची सोयही नाही, कारण अक्षरं बारीक आणि आकृत्या वेगवेगळ्या.

पडद्यावर दिसतं की निम्म्याहून जास्त मुलांनी १/४ मोठा म्हटलंय. का? कारण चार तीनापेक्षा मोठा. ही चूक मठ्ठपणाची नाही, ती फार तर्कशुद्ध चूक आहे. जे मूल चार वर्षं पूर्णांकच शिकलंय ते हेच म्हणणार. बाई फोन ड्रॉवरमध्ये टाकतात. फळ्यावर दोन सारख्या भाकरी काढतात. एक तिघांत वाटतात, एक चौघांत. “कोणाच्या पंगतीत बसाल?” मागच्या बाकावरून आवाज येतो, “तिघांच्या!” पुन्हा पुठ्ठे वर, पुन्हा फोन.

फोन एकूण चालला असेल दोन मिनिटं. शिकवलं भाकरीने. फोनने फक्त एवढं सांगितलं की भाकरी काढायची गरज आहे.

आपल्या शिक्षकांच्या भाषेत हे ‘आकारिक मूल्यमापन’, म्हणजे शिकणं चालू असतानाच अंदाज घेत राहणं. भाजी गॅसवर असताना मीठ चाखणं हे आकारिक, पाहुण्यांनी जेवून झाल्यावर सांगणं हे संकलित. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येक घमेल्यात चमचा घालणं माणसाला जमत नाही, तिथे हा एक फोन उपयोगी पडतो. वर्गातल्या फोनचा यापेक्षा स्वस्त आणि चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

फोन ही मोजपट्टीसुद्धा आहे

फोनला आडवा धरला की चित्र आडवं होतं, कारण आत हालचाल मोजणारा सेन्सर आहे. आवाज टिपणारा माइक आहे, सेकंदाच्या अंशापर्यंत मोजणारं घड्याळ आहे. चाळीस वर्षांपूर्वी एवढं सामान कॉलेजच्या प्रयोगशाळेतही एका टेबलावर नसायचं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप या सेन्सरांचे आकडे आलेखासकट दाखवतं.

साधा प्रयोग: फोन कापडी पिशवीत घालून मीटरभर दोरीला लंबकासारखा टांगायचा. (फोन गुरुजींचा, त्यामुळे गाठ गुरुजी स्वतःच मारतात.) एक पूर्ण झोका साधारण दोन सेकंदांचा भरतो. मग विचारायचं, पिशवीत दगड घातला तर झोका लवकर होईल की उशिरा? वर्गात दोन तट पडतात. दगड घालून बघितलं की दोन्ही तट हरतात. दोरी तेवढीच असेल तर झोका तेवढाच. हे पुस्तकात वाचलं तर परीक्षेपर्यंत टिकतं, पैज हरल्यावर कळलं तर जन्मभर.

खालच्या वर्गांना याहून साधं काही चालतं. तिसरीतल्या मुलाचं एक मिनिटाचं वाचन ध्वनिमुद्रित करायचं आणि त्यालाच ऐकवायचं. “मी टिंबावर थांबलोच नाही की!” हे बाईंनी दहादा सांगून पटत नाही, स्वतःच्या आवाजात एकदा ऐकलं की पटतं.

“पण आकडे तर म्हणतात, फोनने मार्क कमी होतात?”

म्हणतात, आणि दुसरंही काही म्हणतात. ‘पिसा’ ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी. २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि प्रदेश होते, भारत नव्हता. त्यात सुमारे ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी मोबाईलसारख्या उपकरणांनी आपलं लक्ष उडतं. शेजारची मुलं उपकरण वापरतात म्हणून ज्यांचं लक्ष उडायचं, त्यांचे गणितातले गुण सरासरी १५ नी कमी होते. म्हणजे माझ्या फोनचा दंड माझ्या शेजाऱ्यालाही बसतो. बंदीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, कारण इथे ‘माझा फोन, माझी मर्जी’ चालत नाही.

पण त्याच अहवालात असंही आहे: शाळेत दिवसाला तासाभरापर्यंत शिकण्यासाठी उपकरण वापरणाऱ्या मुलांचे गुण, अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा १४ नी जास्त होते. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. जेवणातल्या मिठासारखं आहे हे.

यात एक मेख आहे. असे आकडे सोबत दाखवतात, कारण नाही. ज्या दिवशी छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी रस्ते ओले असतात, पण रस्ते छत्र्यांनी ओले होत नाहीत. कदाचित ज्या शाळांत शिक्षण चांगलं तिथेच उपकरणंही नीट वापरली जात असतील. इंग्लंडमधल्या ९१ शाळांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात बंदीनंतर गुण थोडे वाढले, आणि फायदा मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. पुढे स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तिथे गुणांत फरकच दिसला नाही. त्यामुळे ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर कुठल्या देशातलं विज्ञान, एवढं विचारावं.

“मग सरसकट बंदीच का नको?”

गंमत अशी की सरसकट बंदी जवळपास कुणीच केलेली नाही. ब्राझीलच्या कायद्यात शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकण्यासाठी वापर चालतो. दिव्यांग मुलांना सूट आहे. फ्रान्सच्या कायद्यातही शिकवण्यासाठी वापराची वाट ठेवली आहे. अंध मुलासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा फोन म्हणजे चष्म्यासारखा आहे. चष्मा दारात काढून ठेवा, असं आपण म्हणत नाही. बंदी घातली जाते ती खिशातल्या फोनवर, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

“प्रत्येक मुलाला टॅबच दिला तर?”

हे पेरूने करून पाहिलं. तिथे खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलांना एकेक छोटा लॅपटॉप दिला. तीनशेहून अधिक शाळांचा अभ्यास झाला. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, पण गणित आणि भाषेत काहीही वाढ दिसली नाही. यंत्र आलं, वर्गात शिकवायची रीत तीच राहिली.

याउलट दिल्लीतल्या मधल्या इयत्तांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होतं. शाळेनंतरच्या केंद्रात संगणकावर एक कार्यक्रम होता, जो मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात करायचा: सहावीतल्याला गरज पडली तर तिसरीची वजाबाकी. सोबत छोट्या गटात शिकवणारं माणूसही होतं. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगलीच प्रगती दिसली. दोन्हीकडे पडदाच होता. फरक एवढा की दिल्लीत पडद्याने एक ठरावीक काम केलं, जे चाळीस मुलांना एकच धडा शिकवणाऱ्या शिक्षकाला करणं अशक्य असतं.

“आमच्या गावात प्रत्येकाकडे कुठे फोन आहे?”

घरात आहे, पण मुलाच्या वाट्याला किती? ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ज्यांना तो वापरता येतो, त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं ५७ टक्क्यांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. ‘घरात फोन आहे’ याचा अर्थ बहुधा असा की तो वडिलांच्या खिशात कामावर जातो आणि रात्री आठला अर्धी बॅटरी घेऊन परततो. मग तो आधी दादाला मिळतो आणि उरला तर ताईला.

म्हणूनही मला शिक्षकाच्या हातातला एकच फोन न्याय्य वाटतो. तिथे ताई मागे राहत नाही.

आणि स्मार्टफोनच हवा असंही नाही. करोनाकाळात बोट्स्वानात शाळा बंद असताना एका संस्थेच्या शिकवणाऱ्यांनी साध्या फोनवर आठवड्याला वीसेक मिनिटं मुलाशी आणि पालकाशी बोलून गणित घेतलं. नुसते मेसेज पाठवून फारसं काही साधलं नाही, मेसेज आणि फोन मिळून मात्र मुलांचं गणित खरंच सुधारलं. पुढे भारतासह आणखी पाच देशांत हे करून पाहिलं गेलं आणि तिथेही उपयोग झाला. कामाला आली ती अ‍ॅपपेक्षा पलीकडून बोलणाऱ्या माणसाची “सांग बघू, कसं काढलंस?” ही विचारणा.

गुरुजींचा फोन, गुरुजींचा रिचार्ज

इथे एक कुरकुर नोंदवायलाच हवी. वर्गात जो फोन फिरतो तो बहुतेक वेळा शिक्षकाने स्वतःच्या पगारातून घेतलेला असतो, रिचार्जही त्याचाच. त्याच फोनवर पोषण आहाराची रोजची नोंद, ‘यू-डायस’ या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, ‘तातडीने लिंक भरा’चे मेसेज आणि फोटोसह अहवाल चालू असतात. मुलाच्या ओट्याची काळजी करताना शिक्षकाच्या ओट्यावर किती पातेली आहेत तेही कोणी मोजावं. भाकरी काढायच्या ऐनवेळी “आत्ताच्या आत्ता माहिती पाठवा” आलं, तर त्या तासाचं व्हायचं तेच होतं.

दुसरं, मुलांची माहिती. वर्गाचा व्हिडिओ काढून गटावर टाकणं आपल्याकडे सर्रास चालतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हा नियम धरलाय. ज्या अ‍ॅपमध्ये मुलांची नावं भरायची, तिथे पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक भरून काम भागतं. पुठ्ठ्यांच्या खेळाला तर आकडाच पुरतो.

राहिला प्रश्न त्या आईचा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजवायला सुरुवात झाली. भोंगा वाजला की दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. बातमी जगभर गेली, कौतुकही झालं. पण असा भोंगा तुमच्या गावात वाजला आणि नेमका त्याच वेळी शाळेच्या गटावर “उद्याचा गृहपाठ: पान ४२, फोटो पाठवा” असा मेसेज पडला, तर? मूल फोन मागणारच, आणि कारण इतकं सोज्वळ आहे की आई नाही म्हणू शकत नाही. गृहपाठ दोन मिनिटांत पाहून होतो, फोन तासाभराने परत येतो.

तेव्हा पुढच्या पालकसभेत त्या आईने एवढंच मागावं: व्हिडिओ दाखवायचा तर वर्गात दाखवा, सगळ्यांना एकदम, मध्ये थांबवून प्रश्न विचारत. आणि गृहपाठ शेवटच्या तासाला फळ्यावर लिहा, मुलं वहीत उतरवून आणतील.